गावाची माहिती, एका पानात

तहसीलचं पत्र आलंय:
पालिकेत जाण्यापूर्वी गावाची संक्षिप्त माहिती
इतिहासासह, एका पानात, दोन प्रतींत.

पान घेतलं, डावीकडे समास सोडला.
एकतीस वर्षं लिपिक आहे,
समासाशिवाय हात चालत नाही.

गावाचं नाव: तांबडमाळ बुद्रुक.
माळ आहे, तांबडा नाही.
हौसाबाई सांगते, तांबडा होता तो बैल,
नांगर टाकून जिथे बसला तिथे वस्ती झाली.
वरच्या आळीत विचाराल तर बैल नव्हे, घोडा,
आणि बसला नव्हता, लढाईत पडला होता.
कुठल्या लढाईत, ते ठरायचंय अजून.
मी लिहिलं: नावाविषयी मतभेद आहेत.

लोकसंख्या: मागच्या खानेसुमारीत दोन हजार एकशे सहा.
आजची सांगता येत नाही.
कमानीपुढे सात इमारती झाल्या,
तिथली माणसं पत्त्यात नुसतं पुणे लिहितात
आणि कुत्रं फिरवताना मला विचारतात,
इथे जुनं गाव होतं म्हणे, कुठेशी?

पिकं: भात, नाचणी, थोडा वाल.
अलीकडे गुंठे.

वाड्या: पाच. पैकी ठाकरवाडी डोंगरात.
रस्ता मंजूर आहे. तीनदा मंजूर आहे.

उत्सव: चैत्रात देवीची पालखी.
रणपिशांचा खांदा पूर्वी वेशीपर्यंतच चालायचा,
आत शिरताना तो बदलायचा.
चौऱ्याहत्तर साली दावजी रणपिसे म्हणाला,
खांदा तोच आहे, वेस ओलांडून वेगळा होत नाही.
पालखी साडेतीन तास उन्हात थांबली.
मग आत गेली, त्याच्याच खांद्यावर.
हे लिहिलं तर सरपंच म्हणाले, खोडा,
पालिकेला कशाला दाखवायचं.
खोडलं. नियमाप्रमाणे एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी,
आणि बाजूला तारीख टाकून सही केली.

क्षेत्रफळ: आठशे बारा हेक्टर.
पैकी पाण्याखाली एकशे नव्वद.

इथे पेन जरा थांबलं.

बुद्रुक म्हणजे थोरलं.
मग धाकटं कुठाय, असा रकाना पत्रात नाही.
धाकटं धरणात आहे.
खुर्दची माणसं तीन ट्रकांतून आली,
आमचा ट्रक दुसरा, मी चार वर्षांचा,
मांडीवर कोंबडी, एवढंच आठवतं.
मे महिन्यात पाणी उतरलं
की शाळेच्या पायऱ्या वर येतात, शाळा येत नाही.
वडील जायचे दरवर्षी, चप्पल हातात घेऊन,
चिखलात पावलं मोजायचे:
हा गोठा, ही न्हाणी,
आणि हा, हा बघ, गेनूनं सरकवलेला बांध.
दीड हात आत सरकवलाय.
दावा अजून कोर्टात आहे.
गेनू गेला, वडील गेले,
वरून बोटी जातात शनिवार-रविवार,
तारीख मात्र पडते.

एका पानात बसेना. अक्षर बारीक केलं.
समासातही लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा.

शिक्का सोमवारी जमा करायचाय.
तो शोधताना कपाटाच्या तळाशी दुसराही सापडला,
लाकडी मूठ, कडेला वाळवी,
उलट्या अक्षरांत: ग्रामपंचायत तांबडमाळ खुर्द.
पन्नासेक वर्षं कोरडा.
पॅडवर दाबला. खिडकी लोटून घेतली.
दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर मारला.

उठला. खु जरा फिका,
बाकी सगळं स्पष्ट.

दोन्ही प्रती पाकिटात घातल्या.
आवक क्रमांक त्यांनी टाकावा.